लिफ्टपाशी दिलेला होकार

मावशी म्हणावं असं काही तिचं वय नव्हतं. तिशी नुकती ओलांडलेली, आणि सख्खं म्हणावं असं एकही भाचरू तिला नव्हतं. पण वॉर्डात झाडून सगळे तिला मावशी म्हणत, कारण तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात काय नसायचं ते विचारा. सेफ्टी पिन, बिस्किटांचा अर्धा पुडा, कुणाचं तरी पेन, डोकेदुखीच्या गोळ्या. एकदा तर एका आजोबांची कवळी निघाली. त्यांनी तपासणीला जाताना विश्वासाने तिच्या हातात दिली होती, आणि मग हे महाशय अख्खा दिवस पातळ खाण्यावर काढून बसले, कारण मागायची लाज वाटली.

ती मेडिसिनची डॉक्टर. आता हे वाक्य उच्चारलं की घोळ सुरू झालाच म्हणून समजा. हाडांचा डॉक्टर म्हटलं की लोकांना हाड दिसतं, डोळ्यांचा म्हटलं की डोळा दिसतो. मेडिसिनची म्हटलं की काहीच दिसत नाही. "म्हणजे औषधं देता?" शेजारच्या काकूंनी तिला जिन्यात गाठून विचारलं होतं. "मग बाकीचे डॉक्टर काय देतात?" मावशीने समजावलं, की ताप, साखर, रक्तदाब, फुप्फुसं, किडन्या, कापाकापी सोडून मोठ्या माणसांचं सगळंच. काकूंनी मान डोलावली आणि समजूत घालावी तशा म्हणाल्या, "असू दे गं. पुढे होशील हो मोठी डॉक्टर."

पुढे म्हणजे काय, हाच तर प्रश्न होता. शेवटची परीक्षा झाली होती, निकाल लागला होता, रेसिडेन्सीचे, म्हणजे हॉस्पिटलात राबत शिकायचे, थोडेच दिवस उरले होते, आणि ड्यूटी रूममध्ये दुसरा विषय नव्हता. ही ड्यूटी रूम म्हणजे मधोमध खचलेल्या दोन खाटा, न लागणारी खिडकी आणि एक किटली. तिथे जो तो पुढच्या शिक्षणासाठी आपापल्या अवयवाच्या मागे. एकाला किडनी हवी होती. एकीला पोट हवं होतं, कारण म्हणे पोटात दुर्बीण घालणाऱ्यांच्या दारापुढे रांग कधी हटत नाही. एक जण परदेशातल्या परीक्षेची पुस्तकं उशाशी घेऊन झोपायचा, म्हणजे खरं तर त्यांच्यावरच डोकं ठेवायचा. एकाला कॉलेजातच राहून शिकवायचं होतं, त्याला बाकीचे येता-जाता "नमस्कार सर" करून पिडत. जे अगदीच पिचले होते ते म्हणत, मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळायची नोकरी धरायची, पाळी संपली की घर आणि फोन बंद. आणि या सगळ्याच्या वर होतं हृदय. हृदयविभागात दरवर्षी इथल्या एकालाच घेत, आणि तो एक कोण हे विभागप्रमुख स्वतः ठरवत. त्यांना सगळे थोरले सर म्हणत. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटायची.

ती जागा हवी होती लंबूला. लंबू मावशीच्याच बरोबरचा, खाटेवर आडवा झाला की पावलं बाहेर लोंबणारा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा माणूस वॉर्डात येऊन लोकांच्या छातीवर नळी ठेवून डोळे मिटून बसायचा. त्याची बायको दुसऱ्या गावात शाळेत शिकवायची. रविवार जमला तर भेट, नाहीतर फोनवरच संसार. हृदय मिळालं तर तिने नोकरी सोडून इकडे यायचं, असं दोघांचं ठरलं होतं, म्हणजे त्याचं ठरलं होतं आणि ती हो म्हणाली होती.

मावशीला काय हवं होतं ते तिने फक्त लंबूला सांगितलं होतं, तेही चोरी कबूल करावी तशा आवाजात. तिला एक खोली हवी होती. टेबल, दोन खुर्च्या, लागणारं दार, आणि तीच तीच माणसं परत परत येणार. कारण इतक्या वर्षांत तिला एकाही पेशंटचं पुढे काय झालं ते धड कळलं नव्हतं. महिना संपला की वॉर्ड बदलायचा. घरी पाठवताना सांगायचं, "आठवड्याने दाखवायला या," आणि आठवड्याने तिथे बसलेलं असायचं भलतंच कुणी. गावाच्या टोकाला एका लहानशा हॉस्पिटलला रोजची ओपीडी बघणारा फिजिशियन हवा होता. ती गुपचूप जाऊन खोली बघूनही आली. खोलीत विशेष काही नव्हतं, पण तिला तिथून उठावंसं वाटेना.

"वेडी आहेस," लंबू म्हणाला होता. "सगळे वर चढायला बघतात आणि तू जनरल राहणार. पण बरंय, माझ्या वाटेत तरी नाहीस."

आता या लोकांची एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं पटायचं नाही. राउंड चालू असते तेव्हा मोठे डॉक्टर चालता चालता बोलतात, आणि मागच्या शेपटातल्या रेसिडेंटला अर्धंच ऐकू येतं. थांबून "काय म्हणालात?" विचारायची सोय नाही. मग पहिल्या दोन-चार महिन्यांतच तोंड शिकतं, की आधी "हो सर" म्हणून मोकळं व्हायचं आणि सर काय म्हणाले ते मागाहून शेजारच्याला विचारायचं. कान मागे, जीभ पुढे. यातून काय काय झालं नसेल. "झोपलास काय रे?" यालाही "हो सर" गेलेलं आहे. "हा रिपोर्ट तू बघितलाच नाहीस ना?" यालाही. इथे कुणी कुणाला हसत नाही, कारण उद्या आपली पाळी.

त्या सकाळी राउंड संपली तेव्हा मावशी आदल्या दिवसापासून उभी होती. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईंचं रक्त प्रयोगशाळेत हरवलं होतं, ते परत काढावं लागणार, बाईंच्या शिरा सापडत नव्हत्या, आणि डोक्यात तेवढं एकच होतं. थोरले सर कुठल्याशा पेशंटला बघायला आले होते, ते लिफ्टपाशी थांबले. तिच्याकडे वळून काहीतरी म्हणाले.

"हो सर," मावशी म्हणाली.

सर चक्क हसले. लिफ्टचं दार लागलं. ते का हसले याचा विचार करायलाही ती थांबली नाही, सुई घेऊन खाटेकडे गेली.

दुपारी कँटीनमध्ये लंबू तिच्या टेबलापाशी आला, बसला नाही. "अभिनंदन," म्हणाला.

"कशाबद्दल?"

"सरांनी मला बोलावून सांगितलं. मावशीला विचारलं, आमच्याकडे येतेस ना, ती लगेच हो म्हणाली, आता तू दुसरीकडे बघ." त्याने हातातल्या चहाकडे बघितलं. "आधी मला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

तेव्हाच सांगायचं ना, की अरे बाबा, मी ऐकलंच नव्हतं. पण तिला ते डोक्यात जुळवायलाच वेळ लागला, आणि जुळेपर्यंत तिचा फोन वाजला, कुणाची तरी शुद्ध हरपली होती, ती पळाली. परत आली तेव्हा टेबलावर त्याचा अर्धा चहा होता आणि लंबू गेला होता.

संध्याकाळी घरी पोचते तो बाबा दारात. तिचे बाबा बस चालवायचे, आता निवृत्त होते, बापलेक दोघंच घरात. वॉर्डातली एक सिस्टर त्यांच्याच इमारतीत राहायची आणि तिच्या पोटात काही राहत नसे. बाबांना कळलं होतं, काकूंना कळलं होतं, कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही कळलं होतं.

"हृदयाची," बाबा म्हणाले. तेवढंच म्हणाले आणि तिची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

उद्या सांगू, असं मावशीने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती. तिसऱ्या दिवशी झोपून गेली. चौथ्या दिवशी थोरले सर गावाला गेलेले. आणि खरं बोलायचं तर थकव्याच्या आड आणखी एक गोष्ट लपली होती. जिन्यात काकू भेटल्या आणि म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तेव्हा मावशीला आतून बरं वाटलं होतं. इतकी वर्षं तिला कुणी असं काही म्हटलं नव्हतं. शिवाय तिचाच तिच्यावर भरवसा उरला नव्हता. ती खोली आपल्याला खरंच हवी आहे, की आपण नुसतं दमलोय आणि कुठेतरी बसायला खुर्ची हवी आहे? चार दिवस झोप मिळाली तर कदाचित हृदयही हवंसं वाटेल. या प्रश्नाचं उत्तर शोधायलाही ताकद लागते, ती तिच्याकडे नव्हती. आठवडा असाच गेला. लंबू समोर आला की कामापुरतं बोलायचा, आणि त्यात कुठे वावगं शोधायला जागा नसायची.

मग ओपीडीत ती बाई आली. पन्नाशीची, हडकुळी, हातात औषधांची पिशवी. बाहेरच्या रांगेत ती बराच वेळ बसली होती आणि नेमकी मावशीच्याच टेबलापाशी पाठवा म्हणून हटून बसली होती.

"ओळखलंत का बाई मला?"

मावशीने ओळखलं नाही. "बसा," म्हणाली. "काय होतंय?"

"उठलं की गरगरतं. पायांत गोळे येतात. पण ते जाऊ द्या." बाईंनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली, अदबीने टेबलावर ठेवली. "ही बंद करू का आता, तेवढं विचारायला आले."

अंगावरची सूज उतरवायची, लघवी वाढवणारी गोळी होती. "कधीपासून घेताय?"

"तुम्हीच दिलीत की. दोन वर्षं होत आली. मी ॲडमिट होते ना, पाय सुजून खांबासारखे झाले होते. जाताना तुम्ही म्हणालात, मी सांगेपर्यंत बंद करायची नाही. मी दर महिन्याला यायचे. पण तुम्ही नसायचात. दुसरे असायचे, ते म्हणायचे, चालू आहे ते चालू ठेवा. मी मनात म्हटलं, सांगतील बाई भेटल्या की."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मावशीला सोपं गेलं असतं. चार आठवड्यांची गोळी. त्या दिवशी वॉर्ड बदलायचा असेल, घाईत असेल, काय बोलून गेली ते तिला आज आठवतसुद्धा नव्हतं, आणि या बाईने त्या शब्दाला धरून दोन वर्षं काढली होती. तिच्यानंतर या खुर्चीत बसलेल्या कुणालाच पहिल्यापासून विचारावंसं वाटलं नव्हतं. तेही दमलेलेच असणार. मावशीने रक्तदाब बघितला, झोपवून आणि उभं करून बघितला, रक्त काढायला लावलं, गोळी बंद केली.

"परत कधी येऊ?" बाईंनी विचारलं.

"आठवड्याने," मावशी सवयीने म्हणाली, आणि मग तिला आठवलं की आठवड्याने आपण इथे नसणार. तिला रडू आलं नाही, पण राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. तिने स्वतःचा फोन नंबर लिहून दिला. असं करायची पद्धत नव्हती.

त्या संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते. तिने आधी लिफ्टचं सांगितलं, मग गावाच्या टोकाच्या हॉस्पिटलचं.

बाबांनी पेपर मांडीवर ठेवला. "म्हणजे तू हृदयाची होणार नाहीस."

"नाही."

"मग मी लोकांना काय सांगू?"

"मेडिसिनची डॉक्टर म्हणून सांगा."

"ते त्यांना कळत नाही."

"तुम्हाला कळतं?"

"नाही," बाबा म्हणाले. पेपराची घडी घातली, परत उघडली. "मला वाईट वाटलंय, पोरी. लपवत नाही. सगळ्यांना सांगून बसलो होतो. पण ते माझं मी बघून घेईन. तू आधी त्या पोराकडे जा, ज्याचं गेलंय."

तिने तेवढं ऐकायला हवं होतं. पण ही माणसं शिस्तीची. आधी वरच्यांना सांगायचं, मग बरोबरच्यांना, हे अंगात मुरलेलं. लंबूला आत्ता सांगायचं आणि सर उद्या भलतंच म्हणाले तर? आधी जागा मोकळी करू, मग त्याच्या हातात देऊ, असा तिने हिशेब केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थोरल्या सरांच्या खोलीत गेली.

"सर, मी त्या दिवशी हो म्हणाले ते तुम्ही काय विचारलंत ते न ऐकता म्हणाले."

सरांनी चष्मा काढला. त्यांना राग आला असेल तर दिसला नाही. "ऐकून आता काय म्हणतेस?"

"नाही म्हणते. मला जनरल मेडिसिन करायचंय. ओपीडी."

"हे बघ," सर म्हणाले, "या दिवसांत सगळेच दमलेले असतात. मीही होतो. दमलेल्या माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत. नको म्हणून नाही म्हणतेस, की दमलीस म्हणून?"

मावशीने खरोखर विचार केला. "मला नाही सांगता येत सर. पण दमलेल्या माणसाचं 'हो' तुम्ही लगेच धरलंत. मग 'नाही' पण धरा."

सरांनी चष्मा परत लावला. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याच्या एका चाकाचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. "ठीक आहे," ते म्हणाले. "त्या उंच मुलाला माझ्याकडे पाठव."

ती जवळजवळ पळतच गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं. लंबू ड्यूटी रूममध्ये खाटेच्या कडेला बसला होता, एक बूट काढलेला, एक तसाच. तिने एका दमात सगळं सांगितलं. लिफ्ट, न ऐकलेला प्रश्न, गेलेला आठवडा, सरांचा निरोप. "जा आता. वाट बघतायत."

लंबू उठला नाही. "मी आज सकाळी नोकरी घेतली," तो म्हणाला. "बायकोच्या गावात. वॉर्ड सांभाळायची, पाळीची."

"मग नाही म्हणून सांग त्या हॉस्पिटलला."

"त्यांना सांगता येईल गं. तिला कसं सांगू? मी फोन केला तर ती आधी बोलेचना. मला वाटलं फोन कटला. रडत होती. म्हणाली, सुटले म्हणून रडतेय, मनात नसताना मी इतकी वर्षं तुला हो म्हणत आले." त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "मला माहीतच नव्हतं. आता परत जाऊन म्हणू, की थांब, जागा मोकळी झाली?"

मावशी दुसऱ्या खाटेवर टेकली. "कालच सांगायला हवं होतं मी," ती म्हणाली. "त्या दिवशीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

"हो."

"बोल ना मला काहीतरी. ओरड."

लंबूने खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं. मग खांदे पाडून म्हणाला, "मला राग यायला हवा, मावशी. कळतंय मला. पण आत्ता नुसती झोप येतेय." आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला, लांब पाय खाटेबाहेर. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजायला लागला, वॉर्डातून. मावशीने तो उचलला, "येते" म्हणाली, आणि त्याचा पेशंट बघायला गेली.

हृदयाची जागा दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या एका मुलाला मिळाली. चांगला आहे म्हणतात.

मावशी आता गावाच्या टोकाला बसते. दार लागतं, खुर्च्या दोन आहेत, आणि गर्दी इतकी असते की संध्याकाळी घरी पोचते तेव्हा बोलायची इच्छा उरत नाही. दमणं काही संपलं नाही, तरी ही खोली अजून हवीशी वाटते, म्हणजे त्या दिवशी नाही म्हटलं ते निव्वळ दमल्यामुळे नव्हतं, एवढं तिला कळून चुकलंय. माणसं परत येतात. काही बरी होऊन येतात, काही तशीच येतात, पण येतात. बाबा लोकांना अजून "ती मोठ्या माणसांची सगळ्याची डॉक्टर आहे" असं काहीतरी सांगतात.

लंबूचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. त्याच्या वॉर्डातून सुटलेला कुणी इकडचा असला की तो तिच्याकडे पाठवतो, आणि पाठवताना त्याच्या हृदयाचे आवाज असे बारकाईने सांगतो, की फोनवरसुद्धा त्याचे मिटलेले डोळे तिला दिसतात. घरचं बरं चाललंय म्हणतो, मुलगी झाली आहे, आणि ते खरं आहे. मावशी सगळं ऐकून घेते, पेशंट नीट बघते, आणि पुढे काय झालं ते त्याला न चुकता कळवते. एकदा तिने विचारलंही होतं, आता तरी राग येतो का म्हणून. तो म्हणाला, "कधी कधी येतो. पण तेव्हा तू समोर नसतेस, आणि मी ड्यूटीवर असतो." मग तो पुढच्या पेशंटचं सांगायला लागला.

त्या दिवशी तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटतं.